फोन मध्येच ठेवला तर चालतो, बाबा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा आई सहज बोलून गेली, की मंगळवारी दुपारी तुम्ही आतल्या खोलीचे दार लावून पाऊण तास कोणाशी तरी बोलत होता आणि बाहेर आलात तेव्हा सदरा घामाने भिजला होता. मी खोदून विचारल्यावर कळले, की तुमच्या आधार क्रमांकावर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे आणि घरात कोणाला सांगितलेत तर त्यांनाही आरोपी करू, असे गणवेशातला एक माणूस व्हिडिओ कॉलवर दरडावत होता. आईने चहासाठी दार वाजवले नसते तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मुदत ठेव मोडायला बँकेत गेला असता, हे तुम्हीच कबूल केलेत.

मला त्याचे नवल वाटले नाही. पाणीपट्टीची पावतीसुद्धा तारखेनुसार फाइलला लावणाऱ्या माणसाला ‘साहेब’ म्हणवणाऱ्याचा शब्द मोडवत नाही, आणि समोरचा बोलत असताना फोन ठेवणे म्हणजे तुम्हाला दाराशी आलेल्याला पाणी न विचारता घालवल्यासारखे वाटते. हे लोक नेमके याच सभ्यतेवर जगतात. बोलणे तुटू द्यायचे नाही आणि घरच्यांना कळू द्यायचे नाही, या दोन गोष्टी साधल्या की बाकीचे काम भीतीच करते.

डिजिटल अटक नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर चौकशी करून पैसे मागत नाही, असे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येच सांगितले होते. तो दिवाळीआधीचा रविवार होता, म्हणजे तुम्ही बहुधा नवी पेठेत खरेदीला गेला असाल.

पुढचा फोन पोलिसांचा नसेलही. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याचे निमित्त करून ‘पेन्शन बंद होईल’ म्हणत ओटीपी मागतील, किंवा मोबाइलचा पडदा त्यांना दिसेल असे एखादे ॲप घ्यायला लावतील. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढे पक्के धरा. शंका आली तर फोन ठेवून पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर तुम्ही स्वतः लावा. त्यांनी दिलेल्या क्रमांकावर लावाल तर पुन्हा तेच उचलतील.

आणि समजा, चूक झालीच, तर माझ्या रागाची वाट पाहू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवले जातात, म्हणून त्याच क्षणी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावा, मग बँकेला कळवा आणि मला सगळ्यांत शेवटी सांगितलेत तरी चालेल. लाजेपायी रात्र घालवलीत तर मात्र ती रात्र त्यांच्या उपयोगाची ठरते.

आई, तुझ्याकडे एकच काम आहे. यांनी दार लावून फोन घेतला, की चहा झालेला असो वा नसो, तू दार वाजव.

तुमची,
थोरली