घाणेरी खणायला ये

नाशिक, आषाढ

प्रिय सदा,

पत्र मिळालं. काकांचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना बागेत जाऊ देऊ नका असं लिहिणार होतो, पण ते थोडेच ऐकणार!

तू विचारलंयस, कंपनी सोडून डोंगरात नक्की काय करतोस, झाडं लावतोस का? नाही रे, उलट आहे. झुडपं खणून काढतो आणि वाटा नीट ठेवतो. पावसाआधी खणायचं, पावसात रोपं उपटायची आणि पाणी कुठून पळतंय ते बघायचं, दिवाळीनंतर वाटांची डागडुजी, गवत वाळलं की जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून आधीच जाळून ठेवलेले पट्टे. काम हजेरीवर, हंगामापुरतं. मधल्या महिन्यांत शिकवण्या घेतो. आई शेजारी विचारतात तेव्हा "त्याचं फॉरेस्टात आहे" एवढं सांगून विषय बदलते.

यंदा बहुतेक काम अंजनेरीच्या पायथ्याला होतं, त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला. तिथल्या उतारावर घाणेरी माजलीय. आपण लहानपणी जिची काळी फळं खायचो आणि रंगीत फुलांची टोकं चोखायचो, तीच. मूळची अमेरिका खंडातली. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बागेत शोभेसाठी आणली आणि ती बागेत थांबली नाही. बुलबुल फळं खातात आणि जिथे बसतात तिथे बिया टाकतात. म्हणून एखाद्या उंबराखाली बघ, मोठं झुडूप लांब असतं आणि बुडाशी मात्र घाणेरीची रोपं दाटलेली. गुरं तोंड लावत नाहीत आणि लावलं तर यकृत बिघडतं, त्यामुळे चराईचाही तिला धाक नाही. तिच्याखाली करवंद, तोरण, धायटी, मुरुडशेंग कशालाच ऊन मिळत नाही. काटेरी जाळी एवढी दाट होते की रानडुक्कर आत शिरलं तर बाहेरून फक्त आवाज येतो.

कोयत्याने सपासप छाटली की झालं असं कुणालाही वाटतं. तू द्राक्षवाल्याच्या घरातला, तुला हे समजावायला नको: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल कशी जोमाने फुटते? घाणेरीचंही तेच. वरून छाटली तर बुडापासून दुप्पट फांद्या. जाळली तरी फुटते. दिल्ली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी एक पद्धत रूढ केली, ती आम्ही वापरतो. झुडपाभोवतीच्या फांद्या आधी कापून जागा करायची. मग बुंध्याजवळची माती कुदळीने उकरत जायचं. वर, जमिनीलगत, गाठीसारखा जाड भाग दिसतो. सगळे फुटवे तिथूनच येतात. त्याच्याही खाली, मातीत दोन-तीन बोटं उतरून, मुख्य मूळ तोडायचं. मूळ तुटलं की बुंधा एकदम सैल होतो, हाताला कळतं. मग अख्खं झुडूप उपसून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे ती पुन्हा माती धरत नाहीत. आमच्या कुदळी हलक्या आहेत, जड टिकावाने बेसाल्टच्या भेगांत हात मारता येत नाही. कापलेल्या पानांचा वास कपड्यांना लागतो तो दोन धुण्यांनी जात नाही, त्यावर बायको काय बोलते ते लिहीत नाही.

आणि सरसकट सगळं एकदम काढायचं नाही. कुणाचा उत्साह असा असतो की एका रविवारी अख्खा उतार उघडा करतात, फोटो काढतात आणि जातात. पहिल्याच पावसात माती खाली रस्त्यावर. आम्ही उताराला आडवे पट्टे काढतो, मधले पट्टे पुढच्या वर्षासाठी ठेवतो, आणि उपसलेली झुडपं उताराला आडवी रचतो, माती अडते. पक्ष्यांची घरटी असतील तर ते झुडूप सोडून द्यायचं. रस्त्यावरून जाणारे ओरडतात, "अहो, झाडं का तोडताय?" त्यांचंही बरोबर आहे म्हणा, इतकी वर्षं "झाडे लावा" एवढंच ऐकलंय. पण कोणतं झाड आणि कुठे, हे कुणी विचारलंच नाही. आपल्या शहराजवळच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया हा परदेशी वृक्ष लावला, लवकर वाढतो म्हणून. फेब्रुवारीत गुलाबी फुलं येतात, लोक सेल्फी काढतात. मला ती फुलं बघवत नाहीत. उघड्या माळावर, जिथे मुळात गवतच असायला हवं, तिथे खड्डे खणून झाडं लावणं हेही माझ्या मते तितकंच वाईट.

आता गंमत ऐक. मागच्या आठवड्यात रोपं उपटायला शहरातून पोरं आली होती. एकाने हिरव्या पात्यांचा गठ्ठा उपटला आणि अभिमानाने दाखवला. आमच्यातल्या पाड्यावरच्या मावशी म्हणाल्या, "अरे बाबा, ही फोडशी हाये. उपटलीच आता तर घरी ने, भाजी कर." तो पोरगा ओशाळून ती पिशवीत घालून घेऊन गेला. मावशींना जमिनीतून वर येणारा कोंब बघून सांगता येतं: ही कवळी, हा कुरडू, हा चाईचा वेल, हे मात्र रानमोडी, काढ. त्यांना मात्र हजेरी सगळ्यांएवढीच. हे मला खटकतं, आणि मी ते बोललोय.

गाजर गवताचं काम मला आवडत नाही, अंगाला खाज सुटते. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं म्हणतात, तुमच्याच गावाची भेट. १९८४ साली त्यावर मेक्सिकोचा भुंगा सोडला, तो पानं कुरतडतो, पण सगळं संपवत नाही. आम्ही फुलं यायच्या आधी उपटतो, बस्स.

वाटांचं म्हणशील तर ते आणि तणाचं काम मला आधी वेगळं वाटायचं. पण पायथ्यापासून वर चढत गेलास की दिसतं: घाणेरी, रानमोडी, गाजर गवत सगळ्यात जास्त वाटेच्या कडेला. वळणं टाळून लोक सरळ वर चढतात, गवत तुडवलं जातं, माती उघडी पडते आणि तिथे पहिलं येतं ते परकं तण. हनुमान जयंतीच्या गर्दीनंतर दरवर्षी एक-दोन नवे शॉर्टकट तयार झालेले असतात. पावसाळ्यात त्यांचे ओहोळ होतात. म्हणून आम्ही शॉर्टकटच्या तोंडावर दगड आणि करवंदीची काटेरी डहाळी टाकतो, आणि खऱ्या वाटेवर पाणी बाजूला काढून देतो. त्यासाठी वाटेला तिरका लांबट दगड पुरायचा, बराचसा जमिनीत, थोडासाच वर, आणि खालच्या टोकाला चर काढायचा. दगड काटकोनात ठेवला तर पाणी मागे साचतं आणि वरून उडी मारून माती खणतं. तिरका असला की निमूट बाजूला जातं. पाऊस सुरू असताना छत्री घेऊन उभं राहायचं आणि चर पानांनी तुंबला की पायाने मोकळा करायचा, आमचा जुलै असाच जातो.

वरच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात छोटं कंदीलपुष्प फुलतं, २००६ साली शास्त्रज्ञांनी नोंदलेलं, नावच अंजनेरीचं. वीतभर रोप, गवतात सहज पायाखाली येईल असं. वाटेबाहेर पाऊल पडू नये म्हणून एवढी मेहनत कशासाठी, ते तिथे गेलास की कळेल. कड्यात गिधाडंही आहेत.

तर पितृपक्षात ये. गर्दी नसते, सोनकी फुललेली असते. काम देईन, फुकट जेवण मिळणार नाही. येताना बुटांचे तळवे घरीच ब्रशने घासून, धुऊन आण. चिखलात अडकून बिया येतात, आणि तुमच्याकडच्या टेकड्यांवर पिवळा कॉसमॉस वाढतोय असं ऐकलंय. तो आमच्याकडे नको. काकांकडे जुनी हलक्या पात्याची कुदळ असेल तर तीही मागून घे. दांडा मी बसवीन.

तुझा,
संजय