नोकरी लागल्यानंतरही सोबत हवी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. लवकर उपचार घ्या, गोळ्या मनाने बंद करू नका, असे सांगणारे लेख त्या सुमारास छापून येतात. ते यायलाच हवेत. पण गोळ्या नेमाने घेऊन सावरलेल्या माणसाने सोमवारी सकाळी उठून जायचे कुठे, हा प्रश्न त्यांत क्वचित दिसतो. आमच्या घरात तो सोळा वर्षे ठाण मांडून आहे.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आयटीआय करून तो फिटर झाला, नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत कामाला लागला आणि चोविसाव्या वर्षी आजार सुरू झाला. आता कानात येणारे आवाज जवळपास थांबले आहेत. मायक्रोमीटर हातात दिला तर माप आजही बिनचूक घेतो. मधल्या काळात त्याने एका पुनर्वसन केंद्रात कागदी पिशव्या केल्या, फायली चिकटवल्या, दिवाळीच्या पणत्या रंगवल्या. अंथरुणातून उठून आंघोळ करून घराबाहेर पडायला त्याला त्या केंद्राने शिकवले. ते ऋण मी विसरणार नाही. मात्र ‘अजून थोडी तयारी होऊ द्या’ हे ऐकण्यात सहा वर्षे गेली.

मग दोनदा नोकरी लागली. पहिल्यांदा आजार लपवला. सकाळी सातची पाळी, रात्रीच्या गोळ्यांची गुंगी उतरलेली नसायची; तिसऱ्या आठवड्यात सुपरवायझरने घरी बसवले. दुसऱ्या ठिकाणी आम्ही सगळे खरे सांगितले. त्यानंतर त्याच्या जवळून हत्यारे हलवली गेली आणि डबा खायला शेजारी कोणी बसेना. महिनाभराने त्याने स्वतःच जाणे सोडले. दोन्हीकडे काम त्याला येत होते. मालकाशी चार शब्द बोलणारे, पाळी बदलून घेणारे, सोबतच्या कामगारांची भीती घालवणारे कोणी नव्हते. मी बहीण, गेटच्या आत मला कोण सोडणार?

हे काम करणारा माणूस नेमण्याची पद्धत अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी तीसेक वर्षांपूर्वी बसवली. त्यांनी क्रमच उलटा केला. आधी खरी, पगाराची नोकरी. शिकायचे ते त्या जागेवर. ज्याला काम करावेसे वाटते त्या प्रत्येकाला घ्यायचे, रुग्णालयात किती वेळा दाखल झाला होता यावरून कोणाला गाळायचे नाही. रोजगार साहाय्यक डॉक्टरांच्या चमूतच असतो आणि नोकरी लागल्यावरही गरज असेपर्यंत सोबत राहतो. युरोपातल्या सहा शहरांत ३१२ रुग्णांवर या पद्धतीची चाचणी झाली, ती २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दीड वर्षात निदान एक दिवस तरी बाहेर नोकरी केलेले या पद्धतीत ५५ टक्के निघाले, नेहमीच्या प्रशिक्षणात २८ टक्के. एक दिवस ही अट फार थोडी, हे मला कळते. पण आमच्या आईची भीती वेगळीच आहे: कामाच्या ताणाने आजार उलटेल. त्या चाचणीत पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले लोक नोकरीच्या बाजूला २० टक्के होते, दुसऱ्या बाजूला ३१. हे मी तिला दोनदा वाचून दाखवले.

आपल्याकडे कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. सरकारी नोकऱ्यांतले ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला एकच टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यात वाटलेला. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण जाहीर करायचे आहे. कामाच्या जागी वाजवी सोयी देण्याची गोष्टही कायद्यात आहे. भावाला लागणाऱ्या सोयी सांगते: सातऐवजी दहाची पाळी, क्लोझापिन हे त्याच्या आजारावरचे औषध चालू असल्यामुळे रक्त तपासणीसाठी महिन्यातून अर्धा दिवस, आणि कामाच्या सूचना तोंडी न देता कागदावर लिहून. याला रॅम्प लागत नाही, लिफ्ट लागत नाही.

एक अडचण मात्र सरकारनेच सोडवायची आहे. मानसिक आजारातले अपंगत्व मोजताना ‘काम’ हाही एक निकष असतो. कामाला लागला तर अपंगत्वाचे टक्के सवलतींसाठी लागणाऱ्या चाळीसच्या खाली जातील, प्रमाणपत्र जाईल, पेन्शन जाईल, आणि चार महिन्यांनी नोकरी सुटली तर पुन्हा सगळे खेटे, या धास्तीने कित्येक घरे माणसाला घरीच ठेवतात. त्यांना आळशी म्हणू नये. नोकरी लागल्यावर दोन वर्षे तरी प्रमाणपत्र आणि पेन्शनला हात लावू नये.

आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता ही पदे आहेत, त्यांच्या शेजारी एक रोजगार साहाय्यक द्यावा. त्याने ओपीडीत बसून राहू नये, दुचाकी घेऊन कारखान्यांत, दुकानांत, हॉटेलांत फिरावे.

तोवर सातपूर-अंबडच्या उद्योजकांना माझी विनंती आहे. आपल्या आवारात अशा एका माणसाला तीन महिने घेऊन पाहा. दहाची पाळी, महिन्यातून अर्धा दिवस, आणि डबा खाताना शेजारी एक माणूस.

आपली,
एक बहीण, नाशिक