बेशरम उपटायला निघालेल्या लेकास

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

"आई, बेशरम उपटाले पैसे भरून गोंदियाले काहून जायचं? ते तर आपल्या नाल्यात फुकट हाये!" हे शाळेच्या शिबिराबद्दलचं तुझं फोनवरचं बोलणं ऐकून बाबा पोट धरून हसले. प्रश्न मात्र बिनतोड आहे. म्हणून कापूस वेचून आल्यावर लिहायला बसले.

नाल्यातली बेशरमीची झुडपं आपण दरवर्षी विळ्यानं छाटतो अन् पुढच्या साली ती आणखी माजतात. तिचं कांडकं ओल्या चिखलात पडलं की त्याला मुळं फुटतात. छाटून तिथंच टाकली म्हणजे आपणच तिची लागवड केली. तिला मुळासकट खणायचं, पाण्यापासून लांब न्यायचं आणि पार वाळवायचं. पाला विषारी असतो, तेव्हा चीक लागलेल्या हातानं डोळे चोळू नको.

तुम्ही जाताय तो माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातला. भंडारा-गोंदियाकडं कोहळी लोकांनी धानासाठी असे तलाव बांधले. नवेगावबांधचा मोठा तलावही कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सांगतात. पुढं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं आले. तलावाचा बांध अन् पाट आपला म्हणून बघणारं कोणी राहिलं नाही, तिथं गाळ साचला, बेशरम माजली. तिच्याखाली देशी पाणवनस्पती दबल्या की माशांना अंडी घालायला जागा कुठली? हे तुला पुस्तकापेक्षा तिथले मासेमारी करणारे ढिवर लोक चांगलं सांगतील. त्यांच्यापाशी बस. उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरतं, पूर्वी कोणते मासे मिळायचे, आता कोणते मिळत नाहीत, हे विचार आणि वहीत लिही. आपण त्यांच्यावर उपकार करायला आलो अशा तोऱ्यात मात्र राहू नको. तुझ्यासारख्या पोट्ट्यांना सांभाळून काम शिकवणं, हेच त्यांच्या डोक्याला जास्तीचं काम आहे.

मागं आपल्या गावात शहरातून गाडी भरून पोरं आली होती, आठवतं? रोपं लावली, फोटो काढले, गेली. त्यातला एक कडुनिंब तेवढा जगला, तोही शेजारच्या काकू भांड्यांचं पाणी घालत राहिल्या म्हणून. तुमचे सर तसे नाहीत. कोणत्या तुकडीनं किती काठ साफ केला ते मोजून घेणार, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा बघायला नेणार म्हणाले. तेव्हाच मी पैसे भरले. 1937 साली आपल्या शेजारी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिथं गांधीजींनी हेच मांडलं होतं की हातातल्या कामातूनच पोरानं शिकावं. एवढ्या वर्षांनी तुमच्या शाळेत 'उपक्रम' म्हणून आलं, तेही बरंच म्हणायचं.

सारस दिसला तर लांबूनच बघ. जवळजवळ माणसाएवढा उंच पक्षी आहे, जवळ जायची गरज नाही. आरडाओरडा तर नकोच.

स्वेटर आणि बाबांचा जुना दुपट्टा पिशवीत घालते. नवे बूट चिखलात घालू नको.

आणि हो, शिबिरात आपापलं ताट आपणच घासायचं असतं असं सर म्हणाले. आजीला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. ती म्हणते, बाकी कशाचे नको, त्याचा तेवढा फोटो पाठव.

तुझी,
आई