कडुनिंबाच्या शेंडेमरीची नोंद तरी घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पांढरकवड्याहून पाटणबोरीमार्गे पैनगंगेकडे जाताना धुऱ्यावरचे, जंगलाच्या कडेचे कडुनिंब बघावेत. पावसाळा सरता सरता शेंडे तपकिरी पडतात आणि डहाळ्या टोकाकडून वाळत खाली येतात. लोक म्हणतात, चैतात फुटेल. झाड फुटतेही, म्हणूनच हा रोग कुणी मनावर घेत नाही.

1990च्या दशकात देहरादूनकडे याची नोंद झाली, पुढे कर्नाटकात. 2021मध्ये तेलंगणात गावोगावचे निंब वाळले. फोमोप्सिस नावाची बुरशी पावसाच्या शिंतोड्यांतून, वाऱ्यावरून आणि बियांतूनही पसरते. आमच्याकडची लक्षणे हुबेहूब तीच आहेत आणि तेलंगणा आणि आमच्या मधे फक्त पैनगंगा नदी आहे.

पालवी आली तरी फुलोरा जळालेला असतो, निंबोळी धरत नाही. आम्हा कापूसवाल्यांना ही गोष्ट फार लागते. बोंडअळी, मावा, तुडतुड्यांवर पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचा, तर निंबोळ्या आषाढात बाया-पोरांनी झाडाखालूनच वेचायच्या असतात. त्या नसल्या की दुकानातली जहाल औषधे आली. 2017 साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, हे आम्ही विसरलेलो नाही.

अमेरिकेच्या जंगलांतला चेस्टनट नावाचा मोठा वृक्ष असाच आधी थोड्या झाडांवर आजारी दिसला. 1904मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात बुरशी लक्षात आली आणि पन्नासेक वर्षांत अब्जावधी झाडे गेली. आजही जुन्या मुळांतून कोंब येतात, ते मोठे झाले की बुरशी त्यांना पुन्हा मारते. आपला निंब इतका कच्चा नाही, एका हंगामात तो सहसा मरत नाही. पण दरसाल शेंडे गमावणारे झाड खंगत जाते.

वाळलेल्या फांद्या हिरव्या भागापर्यंत छाटून जाळाव्यात, लहान झाडांवर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारावे, हा उपाय आहे. उंच जुन्या झाडाला तो कसा करणार, हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे. तेव्हा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने सीमेलगतच्या गावांतून नमुने नेऊन तपासावेत. ग्रामपंचायतींनी दरवर्षी दिवाळीनंतर आजारी झाडांची आणि आषाढात निंबोळीची नोंद ठेवावी. वनविभागाच्या रोपवाटिकांनीही रोगट झाडांखालचे बी घेऊ नये. यंदाचे बी गोळा होण्याआधी तसा आदेश निघावा.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी,
ता. केळापूर, जि. यवतमाळ