हाफ तिकिटाचा हिशेब मागणाऱ्यांना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून ‘काम ना धाम, बायका उठसूट हिंडतात आणि पैसे भरणाऱ्याला उभं राहावं लागतं’ अशी तक्रार करणारी पत्रं आपल्या सदरात अधूनमधून येतात. परवा पुन्हा एक आलं. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे, निदान माझ्यापुरतं. मी चोपन्न वर्षांची, कराडला एका पतसंस्थेत नोकरी करते. मुलं शिकून बाहेरगावी गेली, घरात आम्ही दोघं. रविवारी किंवा एखादी रजा टाकून मी काम नसताना फिरते. काम असताना जे होतं त्याला मी फिरणं म्हणत नाही, ती धावपळ.

ही सवलत 17 मार्च 2023 ला सुरू झाली. त्याआधी माझ्या वयाच्या बाईचा प्रवास कशासाठी व्हायचा ते आठवून पाहावं. माहेरचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाचं तेरावं, दवाखाना आणि देव. देवाच्या नावावर घराबाहेर पडता यायचं म्हणून कितीतरी जणी भाविक झाल्या, असं माझं प्रामाणिक मत आहे. देवाचीही त्याला हरकत नसावी.

सातारा जिल्ह्यातल्या औंधचंच घ्या. आमच्याकडून पुसेसावळीवरून जावं लागतं. यमाईची ओटी भरायला मी लग्न झाल्यापासून तिथं जाते. मूळपीठाच्या डोंगरावर चढताना वाटेतच श्री भवानी संग्रहालय आहे. पण बरोबर नेहमी जीपभर माणसं, कुणाला जेवणाची घाई, कुणाला परतायची. यंदा एकटी गेले आणि दुपारपर्यंत आतच होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली हे संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्पही आहे. मूरची शिल्पं बघायला लोक विलायतेला जातात. आमच्या खटाव तालुक्यात तो एसटीच्या अर्ध्या तिकिटात भेटतो.

जाण्याआधी वाचनालयातून औंध संस्थानावरचं एक जुनं पुस्तक आणून वाचलं होतं. या राजानं 1939 मध्ये स्वतःहून सत्ता प्रजेच्या हाती दिली, घरोघर सूर्यनमस्कार पोचवले, तो स्वतः चित्रं काढायचा, कीर्तनाला उभा राहायचा. ग. दि. माडगूळकर लहानपणी इथं शाळेला होते. हे सगळं डोक्यात ठेवून त्या दालनांतून हिंडणं वेगळंच होतं. तेव्हापासून नेम केला आहे, की आधी त्या गावाबद्दल काहीतरी वाचायचं आणि मगच तिकीट काढायचं. कधी उलटं होतं, गाव बघून आल्यावर पुस्तक शोधत बसते. तेही चालतं.

भिलारला मात्र वाचायलाच जायचं. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर गाड्या स्ट्रॉबेरीसाठी थांबतात, तिथून थोडं आत हे गाव. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव झालं. कुणाच्या घरी कादंबऱ्या, कुणाच्या घरी चरित्रं, कुठं कविता, कुठं दिवाळी अंक. वाचायला पैसे पडत नाहीत. चपला दाराशी काढायच्या, हवं ते पुस्तक घ्यायचं आणि परक्याच्या ओसरीवर पाय पसरून बसायचं. बाई स्वतःच्या घरी पुस्तक घेऊन बसली की पाचव्या मिनिटाला कुणाला तरी चहा हवा असतो, कुणाचा तरी टॉवेल सापडत नाही. भिलारला ती सलग तीन-चार तास वाचू शकते, एवढ्यासाठी मी त्या गावाला शंभर गुण देते. शनिवार-रविवारी मात्र जाऊ नये, फोटो काढणारे फार.

आणि संक्रांतीला औदुंबर. तिथं कृष्णाकाठी दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, कितीतरी वर्षांची रीत आहे. त्याच दिवशी आमच्या आळीत वाणवसा असतो. सुगडं पूजून मी सकाळची गाडी धरते. यावर आमच्या आळीत काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तेवढ्यात सगळ्यांकडे जाऊन होतं.

हे वय वाचायला फार चांगलं, असं अनुभवाने सांगते. पाळी जाण्याच्या दिवसांत अंगातून वाफा निघतात आणि पहाटे तीनला जाग येते ती येतेच. कूस बदलत पडण्यापेक्षा मी स्वयंपाकघरातला दिवा लावून वाचते. विशीत पुस्तक वाचताना नायिकेचं पुढं काय होणार याची काळजी असायची. आता तिच्या सासूचंही म्हणणं पटायला लागलं आहे. आमच्या भिशीचंही आम्ही रूप बदललं. जिची चिठ्ठी निघेल तिनं त्यातून पुस्तकं घ्यायची आणि महिनाभरानं ती सगळ्यांत फिरवायची. दोघी सोडून गेल्या, त्यांना वाट्या-पातेलीच हवी होती. त्यांचंही चूक नाही.

आता राहिला पैशाचा मुद्दा. सवलतीची रक्कम राज्य सरकार एसटीला भरून देतं. ती वेळच्या वेळी मिळते का, हे जरूर विचारावं, पण ते सरकारला. खिडकीशी बसलेल्या बाईला नव्हे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑगस्ट 2022 पासून एसटी पूर्ण मोफत आहे. धोतराचा सोगा सावरत चढलेल्या आजोबांना ‘कुठं निघालात, काय काम काढलंत?’ असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. जागा मिळत नसेल तर गाड्या वाढवा म्हणून पत्र लिहावं, मी त्याखाली सही करीन.

आणि स्वस्त झाला म्हणजे प्रवास सोपा झाला असं नाही. घरून निघताना बाई पाणी पीत नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही, आईचं बघून मुलगी शिकते. पन्नाशीत पाळी कधी दोन-दोन महिने येत नाही आणि कधी आली की थांबत नाही. त्यात मधुमेह असेल तर विचारायलाच नको. अशा शरीरानं चार तास बसल्यावर ज्या स्वच्छतागृहात जावं लागतं, तिथं कडी नसते, बादलीत पाणी नसतं, पिशवी टांगायला खिळा नसतो. दारात बसलेला माणूस पैसे मात्र घेतो, आणि शेजारची पुरुषांची मुतारी फुकट. मुंबईत ‘राइट टू पी’ म्हणजे लघवीच्या हक्काच्या चळवळीतल्या बायका 2011 पासून हेच सांगत आल्या आहेत. त्यांची थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी एकदा सातारा-सोलापूर प्रवास पाणी न पिता करून पाहावा, तोही उन्हाळ्यात.

मुक्कामाचं दुखणं वेगळंच. एका तीर्थक्षेत्री मला खोली नाकारली. ‘एकट्या लेडीजला देत नाही, बरोबर पुरुष माणूस कोण आहे?’ मी आधार कार्ड पुढं केलं. पतसंस्थेत कर्जाच्या फायली माझ्या सहीनं पुढं सरकतात, इथं सही करायला रजिस्टरच पुढं येईना. शेवटी एका घरगुती खाणावळीच्या मालकीणबाईंनी माडीवर जागा दिली आणि वर ‘बरं केलंस एकटी आलीस’ म्हणाल्या.

वाचनालयांचंही बोलायला हवं. आपल्याकडे 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदान मिळतं, पण त्यात कर्मचाऱ्याचा धड पगार निघत नाही. मग वाचनालय सकाळी थोडं आणि संध्याकाळी थोडं उघडतं. सकाळी आमचे डबे चालू असतात, संध्याकाळी भाकरी. रविवारी दुपारभर उघडं ठेवलं तर नोकरी करणाऱ्या कितीतरी जणी सभासद होतील. अर्थात त्या जादा तासांचे पैसे द्यायला हवेत. ग्रंथपालही बहुधा कुणाची तरी आईच असते.

रेल्वेत बायकांना 58 व्या वर्षापासून तिकिटात निम्मी सूट होती. मार्च 2020 मध्ये ती बंद झाली. मी अठ्ठावन्नची वाट बघत होते, ती फुकट गेली. पण एक सोय अजून आहे आणि ती पुष्कळ जणींना ठाऊक नाही. पंचेचाळीस पूर्ण झालेली बाई एकटी किंवा तशीच दुसरी एक जोडीला घेऊन निघाली, तर तिच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. तिकीट काढताना तो निवडावा लागतो, खिडकीवर काढत असाल तर तोंडानं मागावा लागतो.

माझी विनंती एवढीच, की आपल्या रविवारच्या पुरवणीत पर्यटनाचं पान असतं, त्यात रिसॉर्टांच्या जोडीनं दर आठवड्याला एका गावाची माहिती द्यावी. तिथं एसटी किती वाजता जाते, वाचनालय कधी उघडं असतं, एकट्या बाईला खोली कुठं मिळते आणि स्टँडवरच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का. माहिती गोळा करायला माणूस नसेल तर आमच्या भिशीतल्या बायका तयार आहेत. औंध, भिलार आणि औदुंबरची माझ्याकडे लिहून तयार आहे, पाठवून देते.

कळावे,
आपली एक वाचक,
कराड

ता. क. : नाव छापू नये. पतसंस्थेत खातेदार पासबुक बाजूला ठेवून यावरच बोलत बसतील.