ताण घालवायला सुट्टीचाच दिवस सापडला?

महोदय,

कालच्या अंकातला ‘पोलिसांनी ताण कसा हाताळावा’ हा लेख वाचला. उपाय छानच सांगितलेत. सात-आठ तास झोप, जेवणाच्या ठरलेल्या वेळा, घरच्यांशी निवांत गप्पा. माझे यजमान हवालदार आहेत. कात्रण कापून त्यांच्या डब्यात ठेवलं. रात्री साडेअकराला डबा न उघडताच परत आला, उसळ आंबलेली आणि कात्रणाला तेलाचा डाग.

शिबिरं घ्यावीत, असंही लेखात आहे. घेतात हो! गेल्या डिसेंबरात यांना तीन आठवड्यांनी साप्ताहिक सुट्टी मिळाली. लेकीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं. आदल्या रात्री मोबाइलवर मेसेज आला : उद्या सकाळी ७ वाजता तणावमुक्ती शिबिर, गणवेशात हजर राहावे, गैरहजर राहणाऱ्यांची कसुरी काढली जाईल. कसुरी म्हणजे कामात कुचराई केल्याचा अहवाल. हे पावणेसातला सतरंजीवर. पाहुणे आले साडेनऊला. मग दीपप्रज्वलन, शाल, नारळ, प्रास्ताविक. शेवटी एकदाचं ‘डोळे मिटा, शरीर सैल सोडा.’ शेजारचे जमादार रात्रपाळी करून आले होते, ते घोरायला लागले. त्यांना उठवून सगळ्यांसमोर उभं केलं. माझ्या मते शिबिराचा खरा लाभ त्या एकट्यालाच झाला होता. सुट्टी अर्थातच बुडाली, आणि लेकीला रिक्षातून मीच घेऊन गेले.

आठ तासांच्या ड्युटीचा लेखात एका ओळीत उल्लेख आहे. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात ती सुरू झाली, ती एका शिपायाने मांडलेल्या आराखड्यावरून. कुणा तज्ज्ञाला नाही सुचली. आमच्याकडे आठ तास कागदावर असतात. बंदोबस्त लागला की ड्युट्या लावणाऱ्या हजेरी मास्तरांचा कागद वेगळा.

तुम्ही म्हणाल, मग पोलीस स्वतः का बोलत नाहीत? १९६६ च्या कायद्याने त्यांना परवानगीशिवाय संघटना करता येत नाही, वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांनी संप केला, तेव्हा माझे सासरे नायगावच्या पोलीस लाइनीत राहायचे. त्या दिवसांविषयी ते शेवटपर्यंत आवाज खाली करूनच बोलायचे. म्हणून पत्रं लिहायची ती आम्ही बायकांनी.

जाता जाता आणखी एक. विसर्जनानंतर तुम्ही अलका चौकातल्या एका झोपलेल्या पोलिसाचा फोटो छापला होता, खाली ‘बंदोबस्तातला कुंभकर्ण’. मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालली होती. तो माणूस त्या जागी कधीपासून उभा होता, हे फोटोग्राफरने विचारलं होतं का? माझे यजमान नव्हते ते, पण बूट काढून पाय दुभाजकावर ठेवलेले बघून मला आधी तसंच वाटलं.

कृपया नाव छापू नये.

– एका हवालदाराची पत्नी, पुणे