धरणात गेलेल्या गावाचं तिकीट

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "बाबा, आज वार कोणता?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून उत्तर दिलं, हे आता कबूल करतो. निवृत्त माणसाला सगळे वार सारखेच. पण तुझ्या आवाजावरून कळलं, ही परीक्षा होती. दिवाळीत तुझ्याकडे गॅसवर दूध उतू घालवलं, नातवाला तीनदा तुझ्या भावाच्या नावानं हाक मारली, चष्मा कपाळावर असताना घरभर शोधला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणत जावई हसले. तू हसली नाहीस. तुझ्या डोळ्यांपुढे आजी आली असणार. माझ्याही आली होती, म्हणून फोनवर न बोलता हे लिहितोय.

आजीचं तुला अर्धंच ठाऊक आहे. तू तेव्हा कऱ्हाडला कॉलेजात. रविवारी पाटणला आलीस की ती तुला कोयनेच्या भूकंपाची गोष्ट सांगायची. १९६७ सालचा डिसेंबर, पहाटेची थंडी, गोठ्यातली म्हैस कशी हंबरली, मला नि तुझ्या आत्याला तिनं अंगणात कसं ओढून आणलं. तपशील रतीभर चुकायचा नाही. आम्ही म्हणायचो, हिला काय धाड भरलीय, चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवतंय की! तिथंच फसलो. जुनं बराच काळ शाबूत राहतं आणि नवं आत उतरतच नाही, ही अल्झायमरची, म्हणजे तिला झालेल्या विसरण्याच्या आजाराची रीत. भूकंप सांगून झाला की ती विचारायची, "मी जेवले का गं?" उत्तर दिलं तरी दहा मिनिटांनी पुन्हा तेच, पहिल्यांदाच विचारतेय अशा चेहऱ्यानं.

तेव्हा मीही आता डोळे मिटून मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, घाटमाथा, पोफळी, चिपळूण असे सगळे टप्पे म्हणून दाखवले, तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. ते शेवटी जातं.

पहिली खूण लुगड्याची होती. साठ वर्षं रोज नेसलेलं नऊवारी. एका सकाळी आजी न्हाणीतून बाहेर येईना म्हणून तुझी आई आत गेली. आजी निऱ्या हातात धरून उभी. निऱ्या नीट घातलेल्या, पण पुढं काय करायचं ते हातांना सुचत नव्हतं. कासोटा मागं न्यायचा असतो, हेच पुसलं गेलं होतं. तुझ्या आईनं काही न बोलता नेसवलं आणि रात्री मला सांगितलं. मी म्हणालो, "वय झालं." साठी बुद्धी नाठी, झालं! आता कळतं की ते वय नव्हतं. ज्यांच्या नावानं अल्झायमर ओळखला जातो, त्या जर्मन डॉक्टरांनी १९०१ साली तपासलेली बाई अवघी ५१ वर्षांची होती.

मग पाटल्या गेल्या. तुझ्या आईनंच चोरल्या, असं आजी शेजारीपाजारी सांगत सुटली. त्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, तरी "तूच तिथं लपवल्यास." मी आजीला खूप बोललो गं. तिच्यावर चढवलेला आवाज अजून कानात आहे. ती खोटं बोलत नव्हती. वस्तू भलत्या जागी ठेवायची, ठेवल्याचं विसरायचं आणि मग घरातल्या माणसावर आळ घ्यायचा, हेही त्या आजारात होतंच. हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, तर तुझ्या आईची वर्षभराची आसवं वाचली असती.

आणि एके दिवशी ती नाहीशी झाली. दुपारी स्टँडवरून आमच्याच डेपोच्या कंडक्टरचा निरोप आला. आजी चिपळूण गाडीत खिडकीशी बसली होती. त्यानं विचारलं, "काकी, कुठलं तिकीट देऊ?" तिनं तिच्या माहेरचं नाव सांगितलं. ते गाव कोयनेच्या धरणात जाऊन तेव्हा चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. तो बिचारा पंच हातात घेऊन उभाच राहिला.

आता माझं. तुला न सांगता मी नि तुझी आई मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी माझ्याआधी तुझ्या आईला विचारलं, हे मला जरा लागलं. पण त्यांचं म्हणणं पटलं. "मी फार विसरायला लागलोय" म्हणत जो स्वतः येतो, त्याची काळजी बहुधा कमी. ज्याला घरचे ओढून आणतात आणि जो "मला काही झालेलं नाही" म्हणून भांडतो, त्याच्याकडे ते जास्त लक्ष देतात. या आजारात विसरल्याचंही भान जातं.

मग परीक्षा. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. शंभरातून सात-सात वजा करत जायचं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... पस्तीस वर्षं एसटीत वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरलेल्या माणसाला त्यात काय! डॉक्टर म्हणाले, तेच तर, हिशेबी माणसाला ही चाचणी सोपी जाते, म्हणून एकदा पास झालात तरी वर्षानं परत या. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, थोड्या वेळानं मला तीनच आठवले. घाम फुटला. त्यांनी चौथ्याची नुसती जात सांगितली, "फूल होतं", आणि तो चटकन आला. पाचवा मात्र नाही आला. तरी त्यांना समाधान वाटलं. धागा दिल्यावर आठवतं, म्हणजे आत नोंद झालेली आहे, काढायला वेळ लागतो. माझ्या वयात हे चालायचंच. आजीला कितीही धागा द्या, उपयोग नव्हता. तिकीटच फाडलं नसेल, तर वेबिलात कुठून येणार?

रक्त तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व बरंच कमी. माळ घातल्यापासून मटण-अंडं बंद, त्यात साखरेची मेटफॉर्मिन बारा वर्षं चालू. तीही बी-१२ खाली आणते. थायरॉइड ठीक निघालं. झोप लागावी म्हणून मी सर्दीची जुनी गोळी रोज रात्री घ्यायचो, ती त्यांनी ताबडतोब बंद केली. म्हाताऱ्या डोक्यावर तिनं धुकं येतं म्हणे. आणि उजव्या कानाला यंत्र लिहून दिलंय. जे ऐकूच आलं नाही, ते आठवणार काय? जगभरच्या तज्ज्ञांनी डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या, पण आटोक्यात आणता येणाऱ्या चौदा गोष्टी २०२४ साली मांडल्या, त्यांत ऐकू न येणंही आहे. तुझी आई गेली पाच वर्षं यंत्र घ्या म्हणत होती, त्यावर मी इथं काही लिहीत नाही.

डॉक्टरांनी एक आकडाही सांगितला. आपल्या देशात साठी उलटलेल्या शंभरांत सात-साडेसात जणांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज आहे. मी घरी येताना हिशेब केला: चव्वेचाळीस सीटची गाडी अशा लोकांनी भरली, तर तिघं. बाकीचे एकेचाळीस नुसते छत्र्या विसरणारे. पण ते तिघं कोण, हे चढताना कळत नाही.

म्हणून तुला सांगून ठेवतो. माझे विसरलेले चष्मे मोजू नकोस, ओठांवर आलेलं नाव अडलं तर जरा थांब, ते अंघोळ करताना येतं. मला इतरांशी नको, माझ्याशीच ताडून बघ. दिंडीचा हिशेब मी ठेवतो. तो चुकायला लागला, किंवा त्याहून वाईट म्हणजे मी कारणं सांगून वही दुसऱ्याच्या गळ्यात मारायला लागलो, तर कान टवकार. पाटणच्या बाजारातून घरी यायला वाट सापडेना, एकाच फोनवर तेच तीनदा विचारलं, कुणावर उगाच आळ घेतला, तर मला न विचारता घेऊन जा. मी भांडेन. तरीही ने. मात्र एका-दोन दिवसांतच एकाएकी असंबद्ध बोलायला लागलो, तर वाट बघायची नाही. ते लघवीतला जंतू, रक्तातल्या सोडियमची गडबड किंवा डोक्याला बसलेला मार असू शकतं, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. बँकेच्या खात्याला पुढच्या महिन्यात तुझंही नाव लावून घेऊ, पैशाचे घोळ लवकर सुरू होतात.

आणि आजीवर मी जसा ओरडलो, तशी तू माझ्यावर ओरडू नकोस. धरणातल्या गावाचं तिकीट मागितलं, तर "पुढच्या गाडीनं जाऊ" म्हण नि चहा दे. त्या कंडक्टरनं तेच केलं होतं.

बी-१२चं तिसरं इंजेक्शन शुक्रवारी आहे. जावयांना नमस्कार, नातवाला गोड पापा. माझी काळी छत्री तुझ्याकडेच राहिली आहे, बाल्कनीच्या दाराच्या कडीला अडकवलेली. तिथं नसली, तर मात्र कळव.

तुझे
बाबा